तीन वेळा निगेटिव्ह

आमच्या पेडणे महालात माणूस आजारी पडला की त्याच्या उशाशी एक प्लास्टिकची पिशवी भरू लागते. तिच्यात रिपोर्ट असतात. घरात बोलायचे ते कोकणीत, पोथी, पंचांग आणि पेपर वाचायचा तो मराठीत, आणि रोगाविषयी जे काही लिहायचे ते मात्र इंग्रजीत, अशी आमच्याकडची वाटणी आहे. त्यामुळे ती पिशवी कधी ना कधी गावातल्या मास्तराच्या ओसरीवर येते. मी हायस्कुलात बत्तीस वर्षे गणित शिकवले. वैद्यकाशी माझा काही संबंध नाही. पण आकडे वाचता येतात आणि इंग्रजी कळते, एवढ्या भांडवलावर निवृत्तीनंतर हा जोडधंदा मागे लागला. "मास्तर, कागद कितें म्हणटा?" असे विचारीत लोक येतात. कागद बोलतो आणि मास्तराला त्याची भाषा समजते, असा त्यांचा विश्वास. खरे सांगायचे तर माझाही होता.

एकदा शेजारची म्हातारी दोन दिवस अन्न सोडून बसली. तिच्या रक्ताच्या कागदावर 'सीए' अशी दोन अक्षरे होती. धाकट्या सुनेने तीच अक्षरे माहेरच्या कुणाच्या तरी चिठ्ठीवर पाहिली होती आणि तो माणूस कॅन्सरने गेला होता. डॉक्टर मंडळी घाईत कॅन्सरला सीए लिहितात हे खरेच आहे. म्हातारीचा नातू कॉमर्सला. सीए म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट, हे त्याने ठामपणे सांगितले. पण तो आजीच्या रक्तात कसा शिरला हे त्याला सांगता येईना. मी कागद पाहिला. ते कॅल्शियम होते, ९.२, हवे तेवढेच. म्हातारीला पेज पाजून मी मोठ्या रुबाबात घरी आलो. पुढे माझ्या हातून जे घडले त्यात या रुबाबाचा वाटा मोठा आहे.

दुसरा वाटा करोनाचा. सीमेवर राहणाऱ्यांना 'निगेटिव्ह' हा शब्द ज्या तऱ्हेने पाठ झाला, तसा तो आतल्या गावांतल्या लोकांना झाला नसेल. आमची निम्मी सोयरीक सातार्डा, बांदा, दोडामार्ग इकडची. लेकीसुना तिकडच्या इकडे, इकडच्या तिकडे. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचा आदेश आला, की १० तारखेपासून ७२ तासांच्या आतला निगेटिव्ह दाखला असल्याशिवाय गोव्यात प्रवेश नाही. पत्रादेवीच्या नाक्यावर तो शब्द दाखवला की दांडा वर जाई. आमच्या गावातल्या अडाणी म्हाताऱ्यांनाही कळून चुकले, की पॉझिटिव्ह म्हणजे वाईट आणि निगेटिव्ह म्हणजे सुटका. शाळेत आम्ही ज्याला ऋण म्हणून शिकवले ते असे एकाएकी धन झाले. आणखी एक गोष्ट त्या दोन वर्षांनी शिकवली. पहिली तपासणी झटपट, तिच्याविषयी शंका राहिली तर दुसरी मोठी. आणि मोठीचा शब्द शेवटचा.

हे सारे डोक्यात घट्ट बसलेले असताना २०२२ च्या जुलैत डिचोलीला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीला छातीत गाठ लागली.

गाठीचा तुकडा काढून तपासला. पहिला रिपोर्ट आला त्यात कार्सिनोमा हा शब्द होता. तो काय सांगतो हे मला कळत होते. डॉक्टरांनी मेहुण्यांना सांगितले, की याच तुकड्यावर आणखी एक खास तपासणी करायची आहे, तिचा निकाल आठदहा दिवसांनी येईल, पुढचे त्यावर ठरवू. डॉक्टरांचे वाक्य चोख होते. पण 'पुढचे त्यावर ठरवू' याचा अर्थ आम्ही घरी येईपर्यंत 'कॅन्सर आहे की नाही ते त्यावर ठरेल' असा करून घेतला होता. पहिली झटपट, दुसरी मोठी. तिचा शब्द शेवटचा.

चतुर्थी त्या वर्षी ३१ ऑगस्टला होती. शनिवारी, २७ तारखेला, मी डिचोलीला गेलो होतो. माटोळी बांधायला दरवर्षी जातो. सुपारीचा शिपटा, तोरिंजन, रानातली फळे अंगणात पडली होती आणि मेहुणे शहरातून रिपोर्ट घेऊन आले. त्यांनी तो न उघडता माझ्या हातात दिला. ओळी आजही डोळ्यांपुढे आहेत. ईआर, निगेटिव्ह. पीआर, निगेटिव्ह. हर-टू, निगेटिव्ह, आणि त्याच्यापुढे १ आणि अधिकचे चिन्ह. खाली केआय-६७ नावाचे काहीतरी, ६० टक्के.

एक अधिक आणि तरी निगेटिव्ह, हे काय गौडबंगाल, असे क्षणभर मनात आले. गणिताच्या मास्तराने तिथे थांबायला हवे होते. ऋण गुणिले ऋण धन आणि पुन्हा ऋण गुणले की उत्तर ऋणच येते, हे मी किती पिढ्यांना फळ्यावर करून दाखवले असेन! पण मी थांबलो नाही. साठ टक्क्यांकडे पाहून मला फर्स्ट क्लास आठवला, हे लिहायलाही लाज वाटते. मी मोठ्याने वाचले, "तीन तपासण्या. तिन्ही निगेटिव्ह."

बहीण स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती तिथेच खाली बसली. मेहुण्यांनी देवापुढे नारळ ठेवला आणि त्या नारळाखाली तो कागद. सोमवारी २९ तारखेला डॉक्टरांकडे जायचे ठरले होते. ते मीच रद्द करवले. आता घाई कसली, गणपती पोचवू दे, मग सावकाश जाऊ. हे शब्द माझे. दुसऱ्या कुणाचे नव्हेत.

भाचीला फोनही मीच केला. ती पुण्याला असते. तिचे काम काय, हे आम्हा कुणाला नीट माहीत नव्हते. 'कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढे सांगून आम्ही भागवत होतो. खरे पाहता तिचे काम विलक्षण आहे. रक्तात, लघवीत, गाठीच्या तुकड्यात जे जे सापडल्याने रोगाविषयी काही कळते त्या प्रत्येक गोष्टीला बायोमार्कर म्हणतात. मराठीत कुणी जैवसूचक म्हणतात. मी जैवखूण म्हणतो. लघवीला मुंग्या लागल्या की गोडेंमूत, हे आपले जुने लोक ओळखत, ती अशीच एक खूण. आता अशा खुणा हजारोंनी झाल्या आहेत आणि त्यांची नोंदवही कॉम्प्युटरवर ठेवावी लागते. अशाच एका नोंदवहीतल्या शब्दांचे अर्थ लावणे, आणि ती वापरणारे डॉक्टर, विद्यार्थी, संशोधक जिथे अडतात तिथे समजावून सांगणे, हा भाचीचा रोजगार. तिला मी फोनवर सांगितले, "आईचा रिपोर्ट निगेटिव्ह आला." ती आनंदाने रडली.

मंगळवारी सकाळी ती थिवीला गाडीतून उतरून घरी आली. हातपाय धुऊन देवाला नमस्कार करायला गेली आणि नारळाखालचा कागद तिने काढला. मी मागच्या पडवीत दोऱ्या वळत होतो. ती येऊन शेजारी बसली. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मामा, हा कॅन्सर नाही असे कुठे लिहिले आहे?"

नव्हतेच लिहिले.

तिने हळू आवाजात जे समजावले ते असे. कॅन्सर आहे, हे पहिल्या कागदाने ठरले होते. दुसऱ्या तपासणीचा प्रश्नच वेगळा होता. पेशीच्या दारात किंवा आत निरोप घेणारी काही प्रथिने असतात. मराठी पुस्तकांत त्यांना ग्राही म्हणतात. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही शरीरातली संप्रेरके. त्यांचे निरोप घेऊन काही गाठी वाढतात. त्या निरोप घेणाऱ्यांची नावे ईआर आणि पीआर. तिसरा हर-टू, तो वाढीचा निरोप पेशीत पोचवणारा. गाठीत यांतले कोणी असेल, तर त्याला अडवणारे औषध देता येते. ईआरसाठी टॅमॉक्सिफेन आहे, अमेरिकेत १९७७ पासून मान्य झालेले. हर-टूसाठी ट्रास्टुझुमॅब, १९९८ चे. कागद सांगत होता की या तिघांपैकी एकही तिथे नाही. म्हणजे अडवायला दार नाही. या प्रकाराला ट्रिपल निगेटिव्ह असेच म्हणतात. पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरमध्ये तो शेकडा १० ते १५ असतो. आपल्याकडच्या अनेक अभ्यासांत तो शेकडा २५ ते ३० च्या आसपास आढळला आहे. आणि केआय-६७ चे ६० टक्के म्हणजे गाठीतल्या साठ टक्के पेशी वाढीच्या धांदलीत आहेत. तिथे कमी गुण चांगले.

मी दोरी खाली ठेवली. ती म्हणाली, "फोनवर तू म्हणालास निगेटिव्ह. हेच कुणा परक्याने लिहून पाठवले असते तर मी पहिला प्रश्न केला असता, कशाचे निगेटिव्ह? दिवसातून दहा वेळा मी हाच प्रश्न लोकांना करते. आईचे म्हणून केला नाही."

चतुर्थीच्या दिवशी आम्ही दोघे गप्प राहिलो. ते बरोबर केले की चूक, हे मला अजून ठरवता आलेले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी भाचीने आईला सांगितले. बहिणीने सगळे ऐकून घेतले, तिच्यावर रागावली नाही. माझ्याकडे पाहून एवढेच म्हणाली, "तुका इंग्लीश येता म्हूण तुका दिल्लो कागद." पाच दिवसांचे गणपती ४ सप्टेंबरला पोचवले आणि ५ ला आम्ही हॉस्पिटलात गेलो. आठवड्याने काही बिघडलेले नाही, असे डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले असे मला वाटले. पण भाची चतुर्थीला आली नसती तर तो आठवडा किती लांबला असता, याचा हिशेब मी रात्री अनेकदा केला आहे.

उपचारांची हकिकत लांबवत नाही. आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया. दारे नसली तरी या प्रकारच्या गाठी केमोथेरपीला पुष्कळदा चांगली दाद देतात, हे त्यातल्या त्यात बरे. भाचीने घरूनच काम करायची परवानगी मिळवली आणि सहा महिने ती डिचोलीला राहिली. मी दर शनिवारी जाई. संध्याकाळी ओसरीवर ती आपले काम उघडून बसे, बहीण डोक्याला पदर गुंडाळून आरामखुर्चीत, मी सोप्यावर. त्या काळात तिला त्या नोंदवहीसाठी 'कठीण शब्दांचे अर्थ' असे एक नवे प्रकरण लिहायचे होते. एके दिवशी तिनेच युक्ती काढली. तिने अर्थ मला मराठीत सांगायचा, मी तो बहिणीला कोकणीत सांगायचा, आणि बहिणीला कळला तर पास. बहीण मराठी सातवी शिकलेली, पण परीक्षक कडक. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघेही सपशेल नापास झालो.

सगळ्यात जास्त पत्रे कशावर येतात, असे मी विचारले. ती म्हणाली, प्रॉग्नोस्टिक आणि प्रेडिक्टिव्ह. हे दोन शब्द शिकलेसवरलेले डॉक्टरही एकमेकांच्या जागी वापरतात. इंग्रजीत दोन्हींचा वरवरचा अर्थ एकच, पुढचे भाकीत. हा घोळ इतका वाढला की २०१६ मध्ये अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन आणि तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्था यांना एकत्र बसून शब्दांचा एक कोशच काढावा लागला. त्यात बायोमार्करचे सात प्रकार वेगळे केले आहेत. कोश चांगला आहे, पण व्याख्या वाचून मला काही फरक कळेना. मग भाचीने हर-टूचीच गोष्ट सांगितली. १९८७ साली डेनिस स्लॅमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की ज्या गाठींत हर-टूचे जनुक वाजवीपेक्षा जास्त असते त्या लवकर उलटतात. त्या वेळी ही खूण फक्त एवढेच सांगत होती, की या बाईची पुढची वाट खडतर आहे. ही प्रॉग्नोस्टिक. अकरा वर्षांनी ट्रास्टुझुमॅब आले. तेव्हापासून तीच खूण आणखी एक गोष्ट सांगू लागली, की या बाईला हे औषध उपयोगी पडण्याजोगे आहे. ही प्रेडिक्टिव्ह. खूण तीच, प्रश्न दोन.

मी हे बहिणीला सांगू लागलो आणि सांगता सांगता अडखळलो. ती चटकन म्हणाली, "म्हणजे एक दुखणे कसे जाईल ते सांगते आणि दुसरी औषध लागू पडेल का ते." भाचीने पेन उचलले. लागू पडणे! आपल्या भाषेत केवढी नेमकी सोय आहे. औषध चांगले असते आणि लागू पडत नाही. उतार पडतो पण गुण येत नाही. या बारकाव्यांसाठी आपल्या आज्यांकडे शब्द होते. परिभाषा समित्यांनी तयार केलेले पूर्वानुमानात्मक आणि भाकीतात्मक असे जोडशब्द मी कुठेकुठे पाहिले आहेत. समित्यांविषयी मला आदर आहे. पण त्या दोन शब्दांनी दोन कागद वेगळे ठेवता येणार नाहीत. आमच्या घरापुरत्या त्या दिवसापासून वाटखूण आणि लागूखूण.

दुसरी अडचण नावांची. एका विद्यार्थ्याची तक्रार होती, की हर-टू शोधले तर निबंधांचा एक ढीग मिळतो, ईआरबीबी-टू शोधले तर दुसरा, आणि 'न्यू' म्हणून आणखी तिसरा. यांतले खरे कोणते? उत्तर, तिन्ही एकच. वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वाटांनी तेच जनुक गाठले आणि प्रत्येकाने आपापले बारसे केले. एकाला ते उंदराच्या मज्जासंस्थेच्या गाठीत सापडले, दुसऱ्याला कोंबड्यांच्या विषाणूतल्या जनुकाचा भाऊबंद म्हणून. हे समजायला आम्हाला वेळ लागला नाही. मी पेडण्याचा, म्हणजे पाटीवर परनेम. बहीण डिचोलीची, पाटीवर बिचोली, आणि कोकणीत दिवचल. तिळारीचे पाणी दोडामार्गाहून आमच्याकडे आले की शापोरा होते आणि कोलवाळच्या पुलाखाली कोलवाळची नदी. नदीला त्याचे काही नसते. परक्या माणसाने मात्र तीन नद्या मोजल्या तर दोष त्याचा नव्हे.

याच्या उलट रोग म्हणजे एक नाव आणि दोन वस्तू. डिचोली तालुक्यात साळ नावाचे गाव आहे, गड्यांच्या जत्रेसाठी प्रसिद्ध. आणि साळ नावाची नदी वाहते ती पार दक्षिणेला, सासष्टीत. आमच्या म्हातारीचा सीए त्यातलाच. भाचीने सांगितले, की सीए-१२५, सीए-१५-३ अशा तपासण्या आहेत, त्यांत सीए कॅन्सरशी नाते सांगतो. पण सीए-१२५ हे गर्भाशयाच्या साध्या गाठींत, बाळंतपणाच्या आधी, पाळीच्या दिवसांतही वाढू शकते. कॅन्सरचे नाव लावून फिरणारी खूण नेहमी कॅन्सरच दाखवते असे नाही. २०२३ च्या जानेवारीत आमच्या मोप्याचा विमानतळ सुरू झाला तेव्हा हे प्रकरण आणखी पटले. दोन्ही विमानतळ गोव्याचे; दाबोळीची खूण जीओआय, मोप्याची जीओएक्स. शेवटच्या अक्षराकडे न पाहणारा माणूस रिक्षावाल्याशी भांडत उभा राहतो.

यंत्रेही काही शहाणी नाहीत. सेप्ट-टू नावाचे जनुक कॉम्प्युटरच्या कोष्टकात टंकले की ते कोष्टक त्याची सरळ २ सप्टेंबर ही तारीख करून टाकते. मार्च-वन नावाच्या जनुकाची १ मार्च होते. २०१६ साली काहींनी छापील शोधनिबंधांसोबतची अशी कोष्टके तपासली, तेव्हा सुमारे एक पंचमांश निबंधांत या चुका निघाल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांचीच नावे बदलली. एका हिशेबाच्या यंत्रासाठी माणसाच्या जनुकाचे दुसऱ्यांदा बारसे! बहीण त्या दिवसांत प्रथमच मनापासून हसली. ती दुसऱ्यांदा हसली ती फिशला. हर-टूचा गुण २+ आला, म्हणजे धड हो नाही धड नाही, तर फिश नावाची आणखी एक तपासणी करतात. केमोथेरपीत तोंडाची चव गेलेली. त्यात हे नाव ऐकून ती म्हणाली, ही तपासणी मला करा, रोज करा.

माझा स्वतःचा एक गैरसमजही त्या ओसरीवर निघाला. रिपोर्टात आकड्यापुढे तारा दिसला की मी गंभीर होत असे. प्रत्येक तपासणीची जी खालची-वरची मर्यादा छापलेली असते ती बहुधा अशी ठरवतात, की निरोगी माणसांपैकी मधले ९५ टक्के तिच्या आत पडावेत. म्हणजे ठणठणीत माणसांतलेही शंभरात पाच बाहेर राहणारच. हे ऐकल्यावर मी कागदाच्या पाठीवर हिशेब केला. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एका निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी तारा मिळण्याची शक्यता सुमारे ६४ टक्के. सवलतीत पूर्ण शरीराची तपासणी करवून आलेल्या किती लोकांना मी त्या एका ताऱ्यापायी घोर लावला असेल! लंडनहून आलेले एक गृहस्थ तर साखर ६.१ आहे म्हणून इतके खूश होते, की इथल्या कागदावर ११० पाहून हादरले. दोन्ही एकच. तिकडे मोजायचे माप वेगळे, अठराने गुणले की आपले. आम्हा गोवेकरांना हे सांगायला नको. फेणी कुणी टक्क्यांत मोजत नाही, ग्रावांत मोजतात.

आणि तो एक अधिक? चतुर्थीच्या आधी माझ्या डोळ्याला खटकलेले ते चिन्ह मी विसरलो नव्हतो. भाची म्हणाली, त्याचीही गंमत याच वर्षाची आहे. हर-टूचे गुण शून्य ते तीन. तीन म्हणजे हो, शून्य आणि एक म्हणजे नाही, असे वर्षानुवर्षे चालले. एकचा अर्थ खूण मुळीच नाही असा नव्हता. ट्रास्टुझुमॅब लागू पडण्याइतकी नाही, एवढाच होता. मग ट्रास्टुझुमॅबलाच दुसरे औषध जोडून केलेले एक नवे औषध आले, आणि शरीरात पसरलेल्या रोगात ते १+ वाल्यांनाही उपयोगी पडते असे जून २०२२ मध्ये जाहीर झाले. ऑगस्टमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. ज्या महिन्यात मी 'निगेटिव्ह' असे मोठ्याने वाचले त्याच महिन्यात त्या 'नाही'च्या पोटात एक 'थोडे आहे' निघाले होते. बहिणीला त्या औषधाची गरज पडली नाही. पण शब्दाची सीमा अशी एका उन्हाळ्यात सरकू शकते, हे सीमेवर जन्म काढलेल्या मलासुद्धा नवे होते.

निगेटिव्हला मराठीत काय म्हणावे यावर आमचे सर्वात जास्त दिवस गेले. नकारात्मक हा शब्द पेपरवाल्यांचा. तो स्वभावाला लावतात. ऋण हा माझ्या फळ्यावरचा; त्यात कर्जाचाही वास येतो. शेवटी मी सुचवले, की एक शब्द नकोच. 'आढळले नाही' असे लिहावे. भाचीने ते लिहून पाहिले आणि म्हणाली, वाक्य अपुरे वाटते. काय आढळले नाही? मी म्हणालो, तेच तर हवे आहे. मराठीत 'आढळले नाही' एवढ्यावर कुणाचे समाधान होत नाही. ऐकणारा कर्ता मागतोच. इस्ट्रोजेनचा ग्राही आढळला नाही. प्रोजेस्टेरॉनचा ग्राही आढळला नाही. त्या शनिवारी मी बहिणीचा रिपोर्ट या पद्धतीने पुन्हा वाचला, एकेक ओळ, कर्त्यासकट. तो वाचून देवापुढे नारळ ठेवायचे कुणाच्या मनात आले नसते.

भाचीचे प्रकरण पुढल्या वर्षी तिच्या नोंदवहीत लागले. इंग्रजीतच आहे. त्यात निगेटिव्हच्या खाली पहिलेच वाक्य असे, की हा शब्द एकटा वापरू नये. आमचे नाव कुठे नाही, आणि असायचे कारणही नाही.

मी अजून लोकांचे कागद वाचतो. बंद करावे असे दोनदा ठरवले, पण पिशवी घेऊन आलेल्या माणसाला परत कसे पाठवायचे? आता मी आधी विचारतो, डॉक्टरांनी ही तपासणी कशासाठी सांगितली होती. बहुतेकांना ते माहीत नसते. मग मी त्यांना तो प्रश्न मराठीत लिहून देतो आणि कागदासकट डॉक्टरांकडे परत धाडतो. यामुळे मास्तरांना आता पूर्वीसारखे वाचता येत नाही, अशी गावात कुजबुज आहे.

या प्रकारच्या कॅन्सरमध्ये पहिली तीन वर्षे उलटण्याचा धोका सर्वांत जास्त. पाच गेली की तो बराच उतरतो. बहिणीची तीन वर्षे २०२५ च्या चतुर्थीला भरली. जुलैमधल्या तपासणीचा कागद आला तेव्हा मी डिचोलीलाच होतो. पाऊस कोसळत होता, भाचीचा फोन लागत नव्हता. मेहुण्यांनी लखोटा बहिणीच्या हातात दिला. तिने तो उघडला, घडी सरळ केली, थोडा वेळ त्यावरून डोळे फिरवले. मग उठून माझ्यासमोर धरला.

"आतां वाच," ती म्हणाली. "पूण सगळें वाच."